जुन्या होबीच्या वायरी आणि ट्रॅम्पोलिन

गेले दोन वीकेंड फक्त होबीच्या मागे गेले आणि अजून हाताला वायरीचे ओरखडे आहेत. बोट होबी १६, म्हणजे दोन हलांची (पाण्यावर तरंगणाऱ्या दोन लांबट भागांची) शिडाची बोट, बरीच जुनी. हल अजून दणदणीत आहेत, म्हणून बाकीचंही ठीकच असेल असं मी धरून चाललो होतो. मास्ट (डोलकाठी) उभा करायच्या आधी सहज म्हणून डाव्या श्राउडच्या (मास्टला बाजूने धरून ठेवणाऱ्या वायरीच्या) खालच्या टोकावरचं प्लास्टिकचं कव्हर चाकूने कापलं तर आतून तपकिरी पाणी आलं, आणि कापडाने पुसून बघितलं तर वायर जिथे फेरूलमध्ये (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या नळीत) शिरते अगदी तिथेच एक तार तुटून बाहेर आलेली. वरची सगळी वायर मात्र चकचकीत!

स्टेनलेस गंजत नाही असं आपण म्हणतो, पण त्याचं कारण त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो थर खरवडला गेला की परत धरायला ऑक्सिजन लागतो. कव्हरच्या आत खारं पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही, मग धातू गुपचूप आतल्या आत खाल्ला जातो. त्यात या बोटींवर वाऱ्याच्या आडोशाकडचा श्राउड ढिला पडतो आणि प्रत्येक लाटेला हलत राहतो, म्हणजे वायर रोज एकाच जागी वाकते. म्हणून तुटते ती टोकाशी, मधे क्वचितच.

वायरीत १९ तारा असतात, एक गेली तर १८ आहेत ना, असं कोणी म्हणालं तर प्लीज ऐकू नका. एक तुटली म्हणजे शेजारच्याही तितक्याच थकलेल्या असतात. या बोटीला बॅकस्टे (मास्टला मागून धरणारी वायर) नाही, २६ फुटांहून उंच मास्ट दोन श्राउड आणि पुढचा फोरस्टे एवढ्यावरच उभा असतो, आणि त्याच्या खाली आपली माणसं बसलेली असतात. मी दोन्ही श्राउड, फोरस्टे, ब्रायडल (फोरस्टेला दोन्ही हलांशी जोडणारी वायर) आणि ट्रॅपीझच्या (बोटीबाहेर लटकून तोल सांभाळायच्या) वायरी सगळं एकदम बदललं, सोबत वायरींची टोकं अडकवणाऱ्या क्लेव्हिस पिना आणि त्या निसटू नयेत म्हणून घालायच्या रिंगाही. नवीन वायरीचं माप घेताना जुनी जमिनीवर ताणून भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजा आणि डावी-उजवी शेजारी ठेवून बघा, दोन्ही सारख्या नसतील तर एक आधी कधीतरी बदललेली असणार. आणि नवीन वायरीवर कव्हर घालू नका, टोक उघडं राहिलं की दिसतं तरी.

ट्रॅम्पोलिनचंही (दोन हलांमधे ताणलेल्या, बसायच्या कापडाचंही) तेच. कापड मजबूत वाटत होतं म्हणून शिवणीवर नख घासलं तर दोऱ्याची अक्षरशः पावडर झाली. उन्हाने आधी दोरा मरतो, कापड नंतर, आणि ट्रॅपीझवर जाताना पाय नेमका कडेच्या शिवणीवरच जोर देतो. कापड खरंच चांगलं असेल तर यूव्ही टिकवणाऱ्या पॉलिस्टर दोऱ्याने परत शिवून चालतं. माझ्या कडेची पट्टीच विरली होती, त्यामुळे नवीनच घ्यावं लागलं.

बसवताना आधी रेलची (फ्रेमच्या बाजूच्या दांड्याची) खाच साफ करा, वर्षानुवर्षांचं मीठ-वाळू असतं तिथे, मग साबणाचं पाणी लावलं की कडेची दोरी सुळकन सरकते, नाहीतर दोघांनी ओढूनही अर्ध्यात अडकते (आम्ही अडकवली). लेसिंग (ट्रॅम्पोलिन ताणून बांधायची दोरी) घट्ट करण्याआधी समोरच्या टोकापासून विरुद्ध मागच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरपी मापं घ्या, समान नसतील तर फ्रेम वाकडी आहे, आणि ताणल्यावर ती तशीच वाकडी जाम होते. लेसिंगला नायलॉन नको, ओलं झालं की सैलावतं, पॉलिस्टर घ्या. एका दमात ताणू नका, मधून सुरू करून दोन्हीकडे, तीन-चार फेऱ्या लागतात, शेवटच्या फेरीला दोरी स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून ओढली.

ट्रॅम्पोलिन नीट ताणलं की फ्रेमच कडक होते, हे मला आधी पटत नव्हतं. हल धरून हलवला की पूर्वी कोपऱ्यांत खटखट व्हायची, आता पूर्ण बोट एकत्र हलते. पहिल्या सेलनंतर लेसिंग थोडं सैल आलंच, ते परत ओढलं, आणि पिना-रिंगा एकेक करून पुन्हा बघितल्या. उजव्या श्राउडची एक रिंग अर्धी उघडली होती, तीही लगेच बदलून टाकली.