नदी उतरते, खडक चढतात

ग्रीन रिव्हर नावालाच ग्रीन. वसंतात वरच्या डोंगरांतला बर्फ वितळू लागला की तिचं पाणी पावसाळ्यातल्या मुठेसारखं गढूळ होतं. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. वायोमिंगच्या विंड रिव्हर डोंगरांत उगम पावून ती यूटाच्या वाळवंटात कोलोराडोला मिळते. त्याआधी तिच्या वाटेत लॅबिरिन्थ कॅन्यन ही दरी लागते. आमच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग पोरांना कनूत, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावेत, बसवून तिथे अभ्याससहलीला नेतो. पीएचडी करताना मीही मदतनीस म्हणून जायचे. मदतनीस म्हणजे तंबू, पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि ग्रूव्हर यांची जबाबदारी. ग्रूव्हर हा पेटीतला फिरता संडास. तो बरोबर ठेवणं परवान्यातच बंधनकारक आहे. नेलेलं सगळं परत आणायचं, आणि सगळं म्हणजे सगळं.

रूबी रँचला कनू पाण्यात सोडायच्या आणि मिनरल बॉटमला बाहेर काढायच्या. मधलं अंतर ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटरच्या आसपास. धडकी भरवणारे खळाळ कुठे नाहीत, त्यामुळे वल्हं कधीच हातात न धरलेली पोरंही तासाभरात सरावतात. पुढे बसतो तो जोर लावतो, मागे बसतो तो दिशा सांभाळतो, आणि नाव वाळूत रुतली की दोघंही एकमेकांना दोष देतात.

आता या दरीची खरी गंमत. इथले थर उत्तरेकडे किंचित कललेले आहेत आणि नदी दक्षिणेला वाहते. त्यामुळे तुम्ही प्रवाहाबरोबर खाली जाता तसतसे जुने खडक पाण्यातून वर येत राहतात. सुरुवातीचे बुटके काठ संपले की नवाहो वालुकाश्माच्या फिकट, गोलसर भिंती लागतात. पुढे कधीतरी त्या भिंतीच्या पायथ्याशी पाण्यालगत एक तांबडी रेघ दिसते. पुढच्या वळणावर ती गुडघाभर उंच होते, त्याच्या पुढच्यावर डोक्यावर जाते. ही केएन्टा थराची वरची कड. तिच्याखालून पुढे विंगेट थराचे उभे कडे निघतात आणि शेवटी त्यांच्याही बुडातून चिन्ले थराचे जांभळट-करडे उतार. मोटारबोटीने गेलं तर ती रेघ नजरेतून निसटते आणि वरच्या कड्यावरून ती उगवताना दिसतच नाही. कनूचा वेग चालणाऱ्या माणसाइतका, म्हणून हे बघायला तीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

मी दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेली. सह्याद्रीच्या कड्यांत थर मोजायला शिकले, पण ते सगळे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासच्या लाव्ह्याचे. इथे प्रत्येक थर म्हणजे निराळा प्रदेश. नवाहो हे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या अफाट वाळवंटाचे टेकाड, केएन्टा नद्यांचा गाळ, विंगेट पुन्हा वाळवंट, चिन्ले नद्या-तळ्यांचा चिखल. जेवायला वाळूच्या बेटावर थांबलं की पायाखाली आजच्या पाण्याने उमटवलेल्या लाटा दिसतात, आणि केएन्टाच्या फळ्यांवर तशाच लाटा दगड होऊन बसलेल्या असतात. प्राध्यापक अशा वेळी काही बोलायचे नाहीत, नुसते सँडविच खात बसायचे. पोरांना आपणहून दिसेपर्यंत.

नवाहोच्या भिंतीतल्या तिरक्या रेघा म्हणजे टेकाडांची वाऱ्याआडची उतरण. त्या बहुतेक दक्षिणेकडे, आग्नेयेकडे झुकतात, म्हणजे तेव्हाचा वारा उत्तरेकडून यायचा. वाळू मात्र दूरची आहे. तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय काढल्यावर कळलं की बरेचसे कण खंडाच्या पार पूर्वेकडच्या ॲपलाशियन डोंगरांतून नद्यांनी पश्चिमेला आणून टाकलेले, आणि मग वाऱ्याने इथवर लोटलेले. हे ऐकून एक मुलगी भिंतीला हात लावून म्हणाली, ‘‘मी पण तिकडचीच.’’

ट्रिन-अल्कोव्हला तीन उपदऱ्या एकत्र येऊन नदीला मिळतात. अशा दऱ्यांत सच्छिद्र वालुकाश्मातून झिरपणारं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि भिंतीतून आडवं पाझरतं. त्या ओलीवर वाळवंटाच्या मधोमध हंसराज लोंबतो. तोच, आपल्या विहिरींच्या कडेचा, काळ्या चकचकीत देठांचा.

मग बोनॉट बेंड. इथे नदी सुमारे सात मैलांचा फेरा घालून जवळपास मूळ जागी येते. मधली खडकाची मान अर्धा किलोमीटरही रुंद नाही. हे नाव या नदीच्या १८६९ च्या शोधमोहिमेत तिचा म्होरक्या जॉन वेस्ली पॉवेलने दिलं, ज्याचा उजवा हात अमेरिकेच्या यादवी युद्धात गेला होता. मानेवर चढलं की दोन्हीकडे तीच नदी दिसते. इतकं वेटोळं वळण सपाट, संथ मैदानात पडतं. मग ते एवढ्या खोल खडकात कसं? मैदानात वळणं आधी पडली आणि पठार उचललं जाताना नदी ती तशीच कापत गेली, की कापता-कापता ती बाजूलाही सरकली? सरकली असेल तर वळणाच्या आतल्या बाजूचा उतार मंद हवा, बाहेरचा कडा उभा हवा. वह्या काढून दोन्ही बाजूंचे छेद रेखाटायचे, हा इथला गृहपाठ. सगळ्या वळणांचं उत्तर एक येत नाही आणि पोरं वैतागतात.

दुपारचा वारा हा वेगळाच वैताग. तो नदीवरून उलटा, थेट तोंडावर येतो आणि वल्ही मारूनही नाव जागची हलत नाही. पुढे हेल रोअरिंग कॅन्यनच्या तोंडाशी डेनिस ज्युलियन या फर-व्यापाऱ्याने १८३६ च्या ३ मे रोजी खडकात कोरलेलं नाव दिसतं, शेजारी डोलकाठीची होडी. हाच वारा शिडात भरून तो प्रवाहाविरुद्ध वर गेला असावा, असा तर्क करतात. आमच्यातल्या एका जोडीने लगेच ताडपत्री उभी केली. दिशा अर्थातच उलटी होती.

मिनरल बॉटमला व्हॅन आणि कनूंचा ट्रेलर थांबलेला असतो. तिथून कड्यावर चढणारा कच्चा रस्ता १९५० च्या दशकातल्या युरेनियमच्या शोधाशी जोडलेला. खाणवाल्यांचं लक्ष चिन्लेवर होतं. रस्ता चिन्लेतून निघून विंगेटला वळसे घेत केएन्टावर पोचतो, म्हणजे नदीवर पाहिलेलं सगळं थोडक्या मिनिटांत पुन्हा, उलट क्रमाने. मी दर वेळी हे मोठ्याने सांगायचे. पण दरीच्या बाजूला बसलेल्यांचे डोळे घट्ट मिटलेले असत, आणि दुसऱ्या बाजूचे त्यांना चिडवण्यात गुंग.