तलावपाळी ते मोतमाउली: विश्वासांगीकार म्हणत पायी

8 सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्याला लागून येणाऱ्या रविवारी वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीची (माउंट मेरीची) जत्रा सुरू होते, आणि आदल्या शनिवारी रात्री दहाला आम्ही ठाण्याहून पायी निघतो. तलावपाळीला संत जॉन बाप्तिस्त चर्चच्या फाटकाशी जमायचं. तिथून तीन हात नाका, मुलुंड चेकनाका, मग लालबहादूर शास्त्री मार्ग धरून थेट कुर्ला, पुढे कलानगर, वांद्रे स्टेशनचा पादचारी पूल आणि हिल रोड. साधारण 25 किलोमीटर. ताशी चार किलोमीटरची चाल आणि तीन थांबे धरले तर पहाटे साडेपाचला डोंगराच्या पायथ्याशी.

वाटेत जपमाळ (रोझरी) म्हणतो. माळ धरायची ती क्रूसापासून. पहिल्यांदा येणारे बरेच जण थेट मण्यांवर जातात आणि विश्वासांगीकार राहून जातो. क्रूस हातात धरून आधी क्रूसाची खूण, मग प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची बारा कलमांची कबुली; तिचीच कलमं आम्ही वाटेत एकेक करून घेतो. पहिल्या मण्यावर ‘आमच्या बापा’, पुढच्या तीन मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीतीसाठी ‘नमो मरिया’, आणि त्यानंतर पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट. मणी 59, त्यांत ‘नमो मरिया’ 53 वेळा आणि ‘आमच्या बापा’ 6 वेळा. एका माळेला वीस मिनिटं, म्हणजे रस्त्यात सव्वा-दीड किलोमीटर. प्रत्येक दशकाला ख्रिस्ताच्या आणि मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. शनिवारी आनंदाची रहस्यं असतात, रविवारी गौरवाची. त्यामुळे भांडुपच्या आसपास बारा वाजले की चालता चालताच रहस्यं बदलतात.

पुढची अर्धी रांग प्रार्थनेचा पहिला भाग म्हणते, मागची दुसरा. रांग तीस जणांच्या वर गेली की मागच्यांना पुढचं उशिरा ऐकू येतं, उत्तर पुढच्या मण्यात घुसतं आणि सगळ्यांचीच घाई सुरू होते. म्हणून बारा-पंधरा जणांचा गट आणि प्रत्येक गटाला एक सांगणारा. दिंडीत टाळ एका ठेक्यात पडावे लागतात, तसंच हे. ट्रकच्या आवाजात ओरडून म्हणू नये. तेवढा पट्टा मनात म्हणावा.

निघतानाच बाप्तिस्म्याची आठवण करतो, आणि ती नुसती चर्चच्या नावामुळे नाही. विश्वासांगीकाराची मुळंच बाप्तिस्म्यात आहेत. रोमच्या जुन्या ख्रिस्तसभेत पाण्यात उतरणाऱ्याला तीन प्रश्न विचारत: पित्यावर विश्वास आहे का, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर? या प्रश्नोत्तरांतूनच पुढे आजची बारा कलमं बांधली गेली. रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) जो लांब विश्वासांगीकार म्हणतो तो निकियाचा, 325 सालच्या धर्मसभेचा आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पुरा झालेला. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला कुणी थोर जीव आहे, असं एरियस नावाचा धर्मगुरू सांगत होता. धर्मसभेने उत्तर दिलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे.

त्रैक्याबद्दल, म्हणजे एकाच देवातल्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांबद्दल, मुलुंडपर्यंत हमखास कुणीतरी विचारतं. तीन देव आहेत का? नाहीत. आपण क्रूसाची खूण करताना काय म्हणतो ते नीट ऐका: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या ‘नावाने’. ‘नावांनी’ म्हणत नाही. नाव एकच, देव एकच, व्यक्ती तीन. पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला मुलांना सांगू नये. एकच पाणी तीन रूपं घेतं, आणि देव तीन सोंगं घेतो असा भलताच अर्थ मुलं त्यातून काढतात.

भांडुप ते विक्रोळी हा रस्ता वाईट आहे. मेट्रोच्या कामाचे खांब, पत्रे, उखडलेला फूटपाथ, त्यात सप्टेंबरचा पाऊस. दोघादोघांनी चालायचं, शेवटच्या माणसाच्या अंगात चमकणारं जाकीट आणि हातात लाल दिवा. इथे आम्ही ‘पोंतियस पिलाताच्या वेळी दुःख भोगले’ या कलमाशी थांबतो. विश्वासाच्या कबुलीत देव, ख्रिस्त आणि त्याच्या आईसोबत एका रोमन सुभेदाराचं नाव आहे. तो इ. स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा कारभार पाहत होता. आमचा प्रभू कुठल्याशा युगात होऊन गेला असं आम्ही म्हणत नाही. एका ठरावीक अधिकाऱ्याच्या अमलात, एका गावाच्या वेशीबाहेर त्याला क्रूसावर दिलं. तो खराच मेला आणि त्याला कबरेत ठेवलं.

शुक्रवारी दुपारी मरण आणि रविवारी पहाटे पुनरुत्थान, मग तीन दिवस कसे? मराठी माणसाला हे समजवायला वेळ लागू नये. दहावा, तेरावा मोजताना आपणही मरणाचा दिवस पहिला धरतो. यहुदी लोकही तसेच मोजत. शुक्रवार, शनिवार, रविवार: तिसरा दिवस.

ठाण्यातून निघताना एक आठवण आवर्जून करावी. 1321 च्या एप्रिलमध्ये याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू मारले गेले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. आपला विश्वास त्यांनी नाकारला नाही. जॉर्डन नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले, आणि पुढे पोर्देनोनेच्या ओदोरिकने त्यांच्या अस्थी पार चीनपर्यंत नेल्या. हाडं एवढी जपायची कशासाठी, याचं उत्तर वांद्र्याला पोचल्यावर देतो.

घाटकोपरला मोठा थांबा, वीस मिनिटं. मोजे इथे बदलायचेच. ओलं कातडं मऊ पडतं आणि मोजा त्यावर घासला की फोड येतो, म्हणून जिथे नुसती चुरचुर आहे तिथेच कापडी पट्टी लावावी. फोड आल्यावर लावली तर उशीर झालेला असतो. आलेला फोड फोडू नये. पाणी तासाला अर्धा लिटर. क्षारांची पुडी अख्ख्या लिटरभर पाण्यातच घालायची; पेलाभर पाण्यात घट्ट करून प्यायली की मळमळतं, आणि दर वर्षी कुणीतरी ते करतंच. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो शेवटच्या चढावर फेडावा. शास्त्री मार्गावर खिळे, तारा, काचा असतात.

नवसावरून मरियेकडे येऊ. आम्ही तिची आराधना करत नाही. आराधना एकट्या देवाची. तिला मान देतो आणि आमच्यासाठी विनंती कर म्हणतो, जसं घरात वडीलधाऱ्यांना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो. काना नावाच्या गावातल्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा ती नोकरांना एवढंच म्हणाली: तो सांगेल ते करा. विश्वासांगीकारात तिचा उल्लेख एकदाच आहे, आणि तोही मुलाच्या ओळीत.

पवित्र आत्मा, ख्रिस्तसभा, पापांची क्षमा ही कलमं कुर्ल्यापुढच्या पट्ट्यात येतात. तेव्हा लोक थकलेले असतात, त्यामुळे थोडक्यात घेतो. पापनिवेदन (धर्मगुरूपाशी पापांची कबुली) मात्र निघण्याआधी शनिवारी संध्याकाळीच उरकावं; पहाटे डोंगरावर रांग आवरत नाही. ‘संतांची सोबत’ या कलमाला प्रत्येकाने खिशातली चिठ्ठी काढायची. तिच्यावर आजाऱ्यांची आणि गेलेल्यांची नावं असतात. गेलेलेही याच रांगेत आहेत, असंच हे कलम सांगतं.

मिस्सेत ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घ्यायचं तर आधी एक तास काही खाऊ नये. पाणी आणि औषध चालतं. पाण्यानेही उपास मोडतो असं समजून लोक कुर्ल्यापासून कोरडे चालतात आणि पायऱ्यांवर घेरी येते. असं कुणी करू नका. सोबत चालणारे अख्रिस्ती मित्र रांगेत येऊन छातीवर हात जुळवून उभे राहिले तर फादर आशीर्वाद देतात.

डोंगराच्या पायऱ्यांलगत मेणाचे अवयव विकायला असतात: हात, पाय, डोळा, हृदय, लहान बाळ. गुडघा दुखणारा पाय घेतो, मूल हवं असलेली बाळ घेते. सुशिक्षित माणसं कधी कधी याकडे पाहून नाक मुरडतात. आम्हाला तो मेणाचा पाय विश्वासांगीकाराच्या अकराव्या कलमाजवळचा वाटतो: ‘देहाचे पुनरुत्थान’. नुसता आत्मा सुटून वर जातो असं ख्रिस्ती धर्म मानत नाही. शब्द देही झाला, देहाने क्रूस उचलला, उठल्यावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला हातांतल्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या, शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. देवाला हा देह हवा आहे, गुडघ्यासकट. म्हणून मेणाचा पाय, म्हणून त्या चौघांच्या अस्थी, म्हणून रात्रभर चालायचं.

बारावं कलम ‘सार्वकालिक जीवन’ आणि आमेन पायऱ्या चढून झाल्यावर, बसिलिकेच्या दाराशी म्हणायचं. मग मिस्सा.

परतीला चालू नये. वांद्र्याहून दादर, दादरहून ठाणे लोकल. बूट ट्रेनमध्ये काढले तर सुजलेले पाय पुन्हा आत जात नाहीत. पट्टी घरी पोचल्यावर कोमट पाण्यात भिजवून सोडवा, कोरडी ओढली तर कातडी सोबत येते.