सद्गुणांचं इन्स्पेक्शन

सद्गुण म्हटलं की मला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो आणि जांभई येते. पण राज्य चालवणारा माणूस सद्गुणांबद्दल बोलतो तेव्हा गोष्ट जरा वेगळी होते. प्लेटोने चार सांगितले, शहाणपण, धैर्य, संयम, न्याय, आणि वर तत्त्वज्ञानेच राज्य करावं म्हणाला, पण त्याला स्वतःला कधी राज्य करावं लागलं नाही, सिसिलीतल्या राजाला शिकवायला गेला तेही फसलंच. अशोकाला मात्र खरंच करावं लागलं.

त्याचा धम्म म्हणजे काय हे तो एका स्तंभलेखात, म्हणजे दगडी खांबावर कोरलेल्या लेखात, सांगून टाकतो: पाप कमी, चांगली कामं जास्त, दया, दान, सत्य, शुचिता. झालं. यात निर्वाण नाही, चार आर्यसत्यं नाहीत. स्वतः बौद्ध, पण बिहारमधल्या बराबरच्या गुहा दिल्या आजीवक नावाच्या वेगळ्याच पंथाच्या साधूंना, आणि बाराव्या शिलालेखात बजावतो की आपल्या पंथाची उगाच स्तुती नि दुसऱ्याची निंदा नको, जिभेवर ताबा ठेवा (हे आजच्या फॅमिली ग्रुपवर पिन करावं असं आहे). आपल्या नालासोपाऱ्याजवळ सापडलेला नवव्या लेखाचा तुकडा, त्या लेखात तर आजारपण, लग्नं, प्रवास यासाठी लोक जे विधी करतात त्यात फार काही अर्थ नाही, त्यापेक्षा दास आणि नोकरांशी नीट वागा असं म्हटलंय.

मला आवडतो तो पहिला लेख. राजाच्या मुदपाकखान्यात आधी रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही, पुढे हेही बंद होतील. कुठल्याही पीआरवाल्याने ते मोर आधी कापले असते, म्हणजे मजकुरातून!

पण भाबडा वगैरे नव्हता हां. कलिंगात एक लाख मारले गेले, दीड लाख लोकांना पकडून नेलं, त्याचा पश्चात्ताप तेराव्या लेखात आहे, आणि तिथेच जंगलातल्या लोकांना दम पण भरलाय की पश्चात्ताप झाला तरी माझ्याकडे ताकद आहे. आणि गंमत म्हणजे हा लेख खुद्द कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगडला, कोरलेलाच नाही. ज्यांची माणसं मेली त्यांना माफीनामा वाचायला मिळू नये हे मला पटत नाही, राजकारण म्हणून कळतं पण पटत नाही. फाशीची शिक्षाही ठेवलीच, फक्त तीन दिवसांची मुदत दिली.

त्या तेराव्या लेखाऐवजी धौलीला जे कोरलंय ते मात्र भारी आहे. सगळी माणसं माझी लेकरं, हे वाक्य सगळे कोट करतात, पण पुढचा भाग अधिकाऱ्यांना झापणारा आहे, की विनाकारण कोणी तुरुंगात पडतो, त्याला त्रास होतो, आणि हे होतं तुमच्या मत्सरामुळे, रागामुळे, घाईमुळे, आळसामुळे. घाई आणि आळस! धर्मग्रंथात पापांची यादी करताना सहसा कोणी घाई घालत नाही, पण ज्याने कचेरीत खेटे घातलेत त्याला विचारा.

आणि नुसता उपदेश करून थांबत नाही, हा लेख ठरावीक नक्षत्राला लोकांसमोर वाचायचा, एकच माणूस असला तरी वाचायचा, आणि दर पाच वर्षांनी मी मवाळ स्वभावाचा अधिकारी तपासणीला पाठवीन म्हणतो. उज्जैन आणि तक्षशिलेच्या राजपुत्रांना तर तीनच वर्षांची मुदत.