थांबतानाच का पडतात?

"इतकी वर्षं सायकल चालवतात, लांब लांब जाऊन येतात, मग नुसतं थांबताना कसे हो पडतात?" हे साठी-सत्तरीच्या सायकलवाल्यांबद्दल मला सारखं विचारलं जातं. कधी विचारणारी एखाद्याची मुलगी असते, कधी नुकतंच कोपर सोलवटून घेतलेले स्वतः काका असतात, आणि बऱ्याचदा आत दुसराच प्रश्न असतो की आता बाबांची सायकल बंद करायची का. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते. बंद वगैरे करू नका. आधी ते थांबतात कसे ते बाजूला उभं राहून बघा, चालवतात कसे ते नाही.

कारण चालवणं आणि थांबणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं. चालत्या सायकलवर आपण तोल अंगाने कमी आणि हँडलने जास्त सांभाळतो, डावीकडे झुकलो की हात नकळत हँडल किंचित डावीकडे नेतात आणि चाकं परत आपल्या खाली येतात. (चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल उभी राहते हे आपण शाळेपासून ऐकलेलं, पण २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी तो परिणाम मुद्दाम काढून टाकलेली एक छोटी सायकल बनवली आणि तीही ढकलून सोडल्यावर आपली आपण तोल सावरत गेली.) आता गंमत अशी की वेग निम्मा झाला की तेवढंच सावरायला हँडल साधारण चौपट वळवावं लागतं, म्हणून थांबायला आलेल्या माणसाचं पुढचं चाक असं नागमोडी डुलायला लागतं, आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरात तर हँडल कितीही फिरवा, काही होत नाही. तिथे भार सायकलवरून पायावर यायला लागतो, आणि त्याला वेळ मिळतो जेमतेम एखादा सेकंद.

तरुण माणूसही इथे गडबडतो, पण तो चुकीचा पाय टाकून, एक उडी मारून, लंगडत का होईना निभावून नेतो. साठी-सत्तरीत तो पाय थोडा उशिरा निघतो, खुब्यात तेवढा बाहेर उघडत नाही, आणि टेकला तरी आडवा भार घ्यायला मांडीत पूर्वीचा जोर नसतो. तोल "गेला" असं लोक म्हणतात ना, मला ते पटत नाही. बहुतेक वेळा पायाला निरोपच उशिरा पोचलेला असतो.

मी बऱ्याच जणांना थांबताना बघितलंय आणि पडण्याची तऱ्हा जवळजवळ ठरलेली असते. माणूस सीटवर तसाच बसून, दोन्ही पाय पेडलवर, ब्रेक दाबत येतो. सायकल थांबेपर्यंत कुठला पाय टेकायचा हे ठरलेलं नाही, किंवा सवयीने डावा ठरलेला आहे. शेवटच्या क्षणी समोर काहीतरी येतं, हँडल जरासं उजवीकडे वळतं, त्याच वेळी ब्रेक. वळता वळता ब्रेक लागला की सायकल वळणाच्या आतल्या बाजूला बसते, म्हणजे इथे उजवीकडे, आणि उजवा पाय अजून पेडलवर, तेही वर आलेल्या. डाव्या पायाचा चवडा हवेत जमीन शोधतोय आणि माणूस उजवीकडे चाललाय. बघणाऱ्याला वाटतं किती हळू पडले, पण लागायचं ते लागतंच, कारण उंची तीच असते.

म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीवर येतं, की पाय आधी ठरवा. थांबायच्या पाच-सात मीटर आधीच. समजा डावा टेकायचाय तर उजवं पेडल खाली, त्यावर उभं राहायचं, बूड सीटवरून उचलून पुढे यायचं, हँडल सरळ, नजर समोर, दोन्ही ब्रेक हळूहळू, आणि सायकल जरा डावीकडे कलू द्यायची म्हणजे डावा पाय आपसूक पूर्ण तळव्याने टेकतो. सीटवर बसूनच चवड्यावर टेकायची सवय असेल तर ती मोडा. नसेल मोडत तर सीट दोन-तीन सेंटीमीटर खाली घ्या, गुडघेवाले ओरडतील आणि चढावर थोडं जड जाईल हेही खरं, पण माझ्या मते ह्या वयात तो सौदा परवडतो. आणि पाय टेकायच्या आधी जमीन बघा. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे उताराच्या बाजूचा पाय अपेक्षेपेक्षा खाली जातो, त्यात बारीक खडी असली की संपलंच.

उतरणं हा आणखी वेगळा विषय. पाय मागून टाकून उतरायची आपली जुनी सवय, त्यात कॅरिअरवर पिशवी, पाय पूर्वीइतका वर जात नाही, बूट सीटला नाहीतर पिशवीला अडकतो आणि माणूस एका पायावर, सायकल अजून पुढे सरकतेय. चालत्या सायकलवरून उतरणं तर सरळ सोडून द्या, कितीही रुबाबदार दिसत असलं तरी. आधी पूर्ण थांबा, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक घट्ट धरून ठेवा, सायकल स्वतःच्या बाजूला चांगली कलती करा म्हणजे सीटच खाली येते, आणि मग पाय काढा. खरा उपाय म्हणजे मधे दांडी नसलेली सायकल, पाय पुढूनच काढता येतो. पण ती लेडीज सायकल, मग पुरुषमंडळींना ती नको असते. खुब्याचं ऑपरेशन चालेल, लेडीज सायकल नको. ह्यावर मी वाद घालणं सोडलंय.

खुब्याचं म्हटलं कारण आडवं, थेट खुब्याच्या बाहेरच्या हाडावर पडणं हेच खुबा मोडायचं मोठं कारण आहे, आणि थांबताना सायकलवरून माणूस नेमका तसाच पडतो. हात पुढे टाकला तर मनगट जातं. हेल्मेट घालाच, पण ते ह्या दोन्हीला काही करत नाही. हाडांची घनता तपासून घ्यायला बायका निदान कधीतरी जातात, पुरुष मात्र ते आपलं नाहीच असं समजतात. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील आणि पडताना डोक्याला मार बसला असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी जाऊ नका, लगेच डॉक्टर गाठा, रक्तस्राव उशिराही दिसतो.

ई-बाइकबद्दल, म्हणजे पेडल मारताना मोटर मदत करते त्या सायकलीबद्दल. बऱ्याच ई-बाइकचं वजन २०-२५ किलो असतं, साध्या सायकलीपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे ठरावीक कोनापलीकडे कलंडली की ती पायाने किंवा हाताने सावरता येत नाही. तेव्हा धरून ठेवू नका, सोडा आणि बाजूला व्हा, रंग जाईल, जाऊ दे. दुसरं म्हणजे उभं असताना मोटर चालू ठेवून पेडलवर पाय विसावू नका, काही गाड्या तेवढ्यानेही पुढे उसळतात. थांबायला येतानाच मदतीची लेव्हल कमी करा, आणि गिअरही तेव्हाच हलका करा, कारण मागे डिरेलर (साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) असेल तर उभ्या सायकलवर गिअर बदलत नाही आणि मग जड गिअरवर निघताना पुन्हा तीच डुगडुग.

नेदरलँड्समध्ये म्हातारी माणसंही भरपूर सायकल चालवतात, त्यामुळे तिथल्या संशोधकांनी वेग कमी झाला की सीट आपोआप खाली येणारी सायकलसुद्धा करून बघितली, आणि २०१९ मध्ये डेल्फ्टने गॅझेल कंपनीबरोबर हँडलमध्ये मोटर बसवून कमी वेगात तोल सांभाळणारी एक दाखवली. छान आहे, पण पूर्ण थांबल्यावर हँडल हलवून काही होत नाही हे मोटरलाही लागू, शेवटी पाय आपलाच.

तोपर्यंत मोकळ्या सपाट जागी, गवत असेल तर उत्तम, नुसतं निघा-थांबा निघा-थांबा करा. एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. उजव्यावर थांबताना सुरुवातीला फार विचित्र वाटतं, पण नेमकी तीच बाजू लागते एखाद वेळी.

आणि तीन चाकी घ्यायची का असंही विचारतात. थांबताना ती पडत नाही, खरंय, पण तिथे दुचाकीची सवय आड येते, ती वळताना झुकत नाही आणि वेगात वळलात तर बाहेरच्या बाजूला उलटू शकते. घेतलीत तर आधी रिकाम्या मैदानात वळणं गिरवा, हळू, अंग आतल्या बाजूला झोकून.