एक्सएफसीई आणि वेलँड : ४.२० नंतरची प्रगती

एक्सएफसीई या लिनक्सवरील डेस्कटॉपची ४.२० ही आवृत्ती १५ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे ४.१८ नंतर बरोबर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाली. तिच्यातील वेलँड सत्र, म्हणजे जुन्या एक्स११ ऐवजी वेलँड या नव्या पद्धतीने विंडो पडद्यावर दाखवणारे सत्र, अजून प्रायोगिक गणले जाते. ते मी लॅबडब्ल्यूसी या कंपोझिटरवर (वेलँडमध्ये सर्व विंडो एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) नियमित वापरतो. त्यात काय जुळून आले आहे आणि काय अडले आहे, याची ही नोंद.

या आवृत्तीतील सर्वांत महत्त्वाचे काम पडद्यावर दिसतच नाही. एक्स११ मध्ये विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोंची चौकट आणि मांडणी सांभाळणारा प्रोग्राम, उघड्या विंडोंची यादी मूळ (सर्वांत मागच्या) विंडोवर लिहून ठेवतो आणि कोणताही प्रोग्राम ती वाचू शकतो. पॅनेलवरील टास्कबारची बटणे इतकी वर्षे याच यादीतून, लिबडब्ल्यूएनसीके या लायब्ररीच्या मार्फत येत होती. वेलँडमध्ये मात्र एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या विंडोचा पत्ता लागू नये, अशीच रचना आहे, त्यामुळे टास्कबारचा आधारच निघून गेला. यावर उपाय म्हणून लिबएक्सएफसीई४विंडोइंग ही स्वतंत्र लायब्ररी लिहिली गेली. पॅनेल असो वा डेस्कटॉप, आता सगळे तिलाच विचारतात, आणि ती एक्स११ वर लिबडब्ल्यूएनसीकेकडून, तर वेलँडवर कंपोझिटरच्या प्रोटोकॉलमधून (त्याच्याशी बोलण्याच्या ठरलेल्या नियमांतून) उत्तर आणून देते. दोन्ही बाजू सांभाळणारा हा दुभाषी तयार झाल्यामुळेच एकच पॅनेल दोन्हीकडे चालते.

पॅनेलची जागा राखण्याची पद्धतही बदलली आहे. पूर्वी पॅनेल आपल्या विंडोवर एक गुणधर्म नोंदवून कडेची पट्टी मोकळी ठेवण्याची विनंती करीत असे. आता तेच काम लेयर शेल प्रोटोकॉलमधील राखीव पट्ट्याने होते. विंडो पूर्ण मोठी केली की ती पॅनेलच्या कडेला नेमकी थांबते. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण ज्या कंपोझिटरमध्ये हा प्रोटोकॉल नाही, त्यावर हे पॅनेल धड बसणार नाही, हेही त्यातूनच येते. थुनार हा फाइल मॅनेजर, सेटिंग्ज आणि टर्मिनल यांविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही, ते चालतात.

खरी अडचण एक्सएफडब्ल्यूएम४ची आहे. एक्सएफसीईचा हा स्वतःचा विंडो मॅनेजर वेलँडवर आलेलाच नाही, त्यामुळे वेलँड सत्रात त्याच्या सेटिंग्जच्या खिडकीत कितीही फेरफार केले, तरी त्यांचा परिणाम शून्य. शीर्षकपट्टीचे रूप किंवा विंडो हलवण्याचे शॉर्टकट बदलायचे, तर लॅबडब्ल्यूसीची आरसी.एक्सएमएल ही फाइल हाताने संपादित करावी लागते. तिची घडण ओपनबॉक्स या एक्स११ वरील विंडो मॅनेजरच्या फाइलसारखी असल्याने जुन्या मंडळींना ती परकी वाटणार नाही, परंतु एक्सएफसीईची ओळखच जर सर्व काही माउसने जुळवता येण्याची असेल, तर ही तडजोड फार काळ चालण्यासारखी नाही. शिवाय वेलँडमध्ये प्रोग्रामला आपली विंडो पडद्यावर कुठे आहे हे कळत नाही, म्हणून बंद केलेले सत्र पुन्हा उघडल्यावर सर्व विंडो जिथल्या तिथे येण्याची अपेक्षा तूर्त ठेवू नये.

म्हणूनच जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेला एक्सएफडब्ल्यूएल४ हा प्रकल्प मला सर्वांत आश्वासक वाटतो. हा नवा कंपोझिटर रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत, स्मिथे या लायब्ररीवर मुळापासून लिहिला जात आहे. कॉस्मिक डेस्कटॉपचा कंपोझिटरही याच लायब्ररीवर उभा आहे. एक्सएफडब्ल्यूएम४च्या जुन्या सी कोडमध्ये वेलँड बसवण्याचा मार्ग सोडून दिला गेला, कारण त्यात एक्स११ वरील स्थिर वर्तन बिघडण्याचा धोका होता. नव्या कंपोझिटरने जुन्यासारखेच वागावे आणि तीच सेटिंग्जची खिडकी वापरावी, असा उद्देश आहे. काही जण दुसरी भाषा आणल्याबद्दल नाराज आहेत. बांधणीची साधने वाढतील हा त्यांचा मुद्दा रास्त असला, तरी एक्स११ वरच राहू इच्छिणाऱ्यांचा विंडो मॅनेजर अबाधित राहतो, हे माझ्या मते अधिक मोलाचे आहे.

तोपर्यंत चाचणी करणाऱ्यांनी दोष नोंदवताना कंपोझिटरचे नाव आणि आवृत्ती न चुकता लिहावी. कार्यक्षेत्रे (वर्कस्पेस) बदलणे किंवा पडद्यांची मांडणी यांसारख्या गोष्टी कंपोझिटर कोणते प्रोटोकॉल पुरवतो यावर अवलंबून असतात, आणि लॅबडब्ल्यूसीवर दिसणारा दोष वेफायर या दुसऱ्या कंपोझिटरवर दिसेलच असे नाही.