घाट म्हणजे वाट

आज वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलो. गुडघे अजून बोलतायत. वर सातवाहनकालीन गुहेत ब्राह्मी लेख बघितला, जकातीचा म्हणतात त्या दगडी रांजणात डोकावलो आणि नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यापाशी पाय सोडून बसलो. खाली कोकण, पलीकडे जीवधन किल्ला.

शेजारी ताक विकणाऱ्या मामांना सहज म्हटलं, "घाट लई मोठा आहे हो तुमचा." हात डोंगराकडे होता. मामा हसले, "घाट त्यो न्हाई, त्यो डोंगर. घाट म्हंजी तुमी चढून आला ती वाट!"

चूक माझी एकट्याची नाही म्हणा. इंग्रजांनी या वाटांचं नाव अख्ख्या रांगेला चिकटवलं आणि तापीपासून कन्याकुमारीपर्यंतचे सुमारे 1600 किमी 'वेस्टर्न घाट्स' झाले. आपण त्याचं इमानेइतबारे 'पश्चिम घाट' केलं. जुनं नाव सह्य, पुराणांतल्या सात कुलपर्वतांपैकी एक. त्याला अद्रि, म्हणजे पर्वत, जोडला की सह्याद्रि. म्हणजे 'सह्याद्री पर्वत' म्हणताना आपण पर्वत दोनदा म्हणतो! केरळातही याला सह्यच म्हणतात.

उतरताना मात्र घाट म्हणजे काय ते पायांना नीट कळलं. ताक दोन ग्लास झालं.