भाकरी सोडली, मग मोजून घेतली

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेबाचं काम बघतो. काम सगळं बसून. हळदीचा हंगाम जोरात असला की सकाळी गादीवर बसलेला माणूस सौदापट्ट्या जुळेपर्यंत उठत नाही. चहा कोणी मागवत नाही, तो येतच राहतो. शेतकरी आला की एक, व्यापारी आला की एक, कोणी नाही आलं म्हणून एक. बेदाण्याचे सौदे असले तर नमुन्याची खोकी समोर उघडीच असतात, बोलता बोलता हात तिकडे जातो. वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती आणि पँटचा पट्टा शेवटच्या भोकावर आला होता.

जूनमध्ये हंगाम ओसरल्यावर तपासणी केली. एचबीए१सी ६.३, उपाशीपोटी साखर ११८, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी २४० च्या वर. एचबीए१सी म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ झालं की आत. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको अजून. सात-आठ किलो उतरवा, रोज चाला आणि सगळं खा, फक्त प्रमाणात."

घरी येऊन हे सांगितलं तर आई म्हणाली, "मग तू प्रमाणातच खातोस की. दोन भाकऱ्या नि भात. तुझे वडील तीन खायचे." वडील दिवसभर रानात असायचे आणि मी दिवसभर गादीवर असतो, हा मुद्दा आईपुढे चालत नाही. पण तिचं एका अर्थी बरोबर होतं. प्रमाण किती ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मग ज्याला जे प्रमाण सवयीचं तेच त्याचं प्रमाण. बायको म्हणाली, "अहो, एक भाकरी कमी करा." मी एक कमी केली, तिनं भाकरी मोठी थापायला सुरुवात केली. मुद्दाम नव्हे, हाताला तशीच सवय.

नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा जुनाच वाद पुन्हा पेटला होता, दीक्षित की दिवेकर. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नको. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं आपल्या मातीतलं खा, तूप-भाताला घाबरू नका. दोन्हीकडचे लोक एकमेकांना फुलांचे गुड मॉर्निंगही पाठवेनात. पुण्याचा पुतण्या या दोघांच्याही पलीकडे गेलेला. तो म्हणाला, "काका, वेळ नि माती सोडा. कार्ब मोजा, म्हणजे धान्य-साखरेतली कर्बोदकं. दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत."

मोजायची भाषा मला कळते, म्हणून हे पटलं. मग हिशेब मांडला. ज्वारीच्या पिठात शंभराला सत्तरच्या आसपास कार्ब. आमच्या घरची एक भाकरी साठ ग्रॅम पिठाची, म्हणजे एका भाकरीत चाळीस ग्रॅमच्या आसपास. संपला दिवस. बेदाण्यात शंभराला पाऊणशेच्याही वर, म्हणजे नुसती मूठभर तोंडात टाकली तरी वीस-पंचवीस ग्रॅम गेले. चहातली साखर कपाला दोन चमचे धरली, तर सहा चहांना पन्नास-साठ ग्रॅम निव्वळ साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम म्हणते. जेवायला बसायच्या आधीच मी त्याच्या दुप्पट पिऊन बसलेलो असायचो. लो-कार्बच्या बाजूनं मी काही बोलेन तर सगळ्यात आधी हे. मी नेमकं काय खातो, हे मला त्यानं दाखवलं.

आषाढ लागला होता, त्यामुळे सुरुवात थाटात झाली. सकाळी अंडी, दुपारी मेथी नाहीतर दोडका आणि पनीर, रात्री चिकनचा रस्सा, पण भाकरीशिवाय. भाकरीशिवाय रस्सा वाटीनं पिताना माणूस आजारी असल्यासारखा दिसतो, असं मुलगी म्हणाली. चहा बिनसाखरेचा. पहिल्याच आठवड्यात काटा झपकन खाली आला आणि मी यार्डात चारचौघांना सांगत सुटलो. पुतण्यानं मात्र हवा काढली. शरीरात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा रिकामा झाला की पाणी जातं. पहिल्या आठवड्यातली घट बरीचशी हीच. चरबी नंतर, आणि हळूहळू.

त्या आठवड्यात डोकंही सारखं दुखायचं, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात, त्याचा हा परिणाम. मीठ घातलेलं लिंबूपाणी सुरू केलं, उतार पडला. पोट साफ होईना, ती तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली. भाकरीतून जाणारा कोंडा बंद झाल्यावर दुसरं काय होणार.

पण खरं ते लिहायला हवं. दोन-तीन आठवड्यांनी भूक इतकी शांत झाली की मलाच नवल वाटलं. दुपारी तीनला जी पेंग यायची, वहीवर डोकं टेकायचं, ती गेली. चारचा चहा-भडंग आठवेनासा झाला. लो-कार्बवाले जे सांगतात त्यातला हा भाग अजिबात खोटा नाही.

आषाढी एकादशीला पहिली ठेच लागली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभराला सत्याऐंशीच्या आसपास कार्ब, प्रथिनं नावालाही नाहीत. आपला उपास म्हणजे लो-कार्बचा उलटा कारभार. त्या दिवशी ताक आणि शेंगदाण्यांवर काढलं. मग श्रावण. घरात अंडं-मटण बंद. डाळी-उसळीत कार्ब आहेत म्हणून पुतण्याच्या यादीत त्या मोजूनमापून. उरलं काय? पनीर, शेंगदाणे, नारळ, लोणी, भाजी, पुन्हा पनीर. एका ताटात घरच्यांचा स्वयंपाक आणि दुसऱ्या ताटात माझं प्रकरण. बायको करत होती, बोलत नव्हती, ते जास्त अवघड. पनीर-बदामाचा महिन्याचा खर्च वहीत मांडला आणि तो आकडा आईला सांगितला नाही. गौरी-गणपतीत कोणाकडे प्रसादाला गेलं की मोदक हातात घेऊन उभं राहायचं. न खाल्ला तर मानापमान, खाल्ला तर हिशेब बिघडला म्हणून पुढचे चार खायचे. हे माझ्या बाबतीत झालं, आणि एकदा नव्हे.

याच काळात मेहुण्याचा प्रकार घडला. तो तासगावकडे राहतो, मधुमेहाची ग्लिमेपिराइड नावाची गोळी घेतो. माझं वजन बघून त्यानंही कोणाला न विचारता भाकरी-भात सोडला, गोळी तशीच चालू. बाजारात घाम फुटला, हातपाय थरथरले, साखर ५८. शेजारच्या दुकानदारानं गूळ-पाणी पाजलं म्हणून निभावलं. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, तुम्ही जेवा न जेवा. इन्सुलिन किंवा असली गोळी चालू असेल तर धान्य एकदम कमी करायच्या आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायलाच हवा. 'ग्लिफ्लोझिन'नं शेवट होणाऱ्या गोळ्या असतील तर कडक लो-कार्ब त्याहून धोक्याचं, त्यात साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. व्हॉट्सअॅपवर हे कोणी पाठवत नाही.

गणपतीनंतर पुन्हा तपासणी. एचबीए१सी ५.९, वजन सहा किलो कमी, ट्रायग्लिसराइड्स दीडशेच्या आत. मी खूश. डॉक्टरांनी मात्र खालच्या ओळीवर बोट ठेवलं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ते १२८ वरून १६१ वर. लो-कार्बमध्ये ट्रायग्लिसराइड्स बहुतेकांचे उतरतात, पण लोणी-पनीर-नारळावर दिवस काढले तर काहींचं एलडीएल चढतं. त्यांनी मिरजेच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाईंनी पहिलं वाक्य बोललं ते असं, "येताना घरची आमटीची वाटी घेऊन या, आणि भाकरीला पीठ घेता ते भांडं." कार्ब चांगले की वाईट यावर एक शब्द नाही. वाटीत पाणी ओतून मापलं. आमची वाटी त्यांच्या तक्त्यातल्या वाटीच्या जवळजवळ दीडपट निघाली. म्हणजे मी एक वाटी भात खातो म्हणायचो तो दीड वाटी होता. हळदीच्या प्रत्येक पोत्याचं वजन करून घेणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात तोवर काटा नव्हता.

मी त्यांना विचारलं, "मग बाई, लो-कार्ब बरोबर की सगळं खाणं बरोबर?" त्या म्हणाल्या, अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला. निम्म्यांना कमी कार्ब, निम्म्यांना कमी स्निग्ध. साखर, मैदा आणि तयार पाकिटं दोन्हीकडे कमी करायला सांगितली, भाज्या वाढवायला सांगितल्या. वर्षाअखेर दोन्हीकडे सरासरी पाच-सहा किलो उतरले, दोघांत म्हणावा असा फरक नाही. पण प्रत्येक गटात कोणी वीस-पंचवीस किलो उतरलं आणि कोणाचं उलट वाढलं. "तुम्हाला वर्षभर काय निभेल ते सांगा, मग बोलू."

आणि त्यांनी आकडे दिले, जे डॉक्टरांनी दिले नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात दिवसभराच्या ऊर्जेपैकी धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त नको असं आहे. दोन हजार कॅलरीच्या ताटाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, पालेभाजीसकट भाज्या ४००. वजन उतरवायचं म्हणून मला धान्य त्याहून कमी, डाळी-उसळी तेवढ्याच. भाकरी चाळीस ग्रॅम पिठाची, जेवणाला एक. भात खऱ्या वाटीनं अर्धी, तोही दुपारीच. सुरुवात भाजी-उसळीनं, भाकरी मागून. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे. लोणी बंद, तूप चमच्यानं. मटण खा, पण रश्शावरचा तवंग काढून.

सुरुवातीला बायको प्रत्येक उंडा काट्यावर ठेवायची, आई देवघरातून बघत असायची. "भाकरी काय सोनं आहे का काट्यावर घालायला?" पंधरवड्यात बायकोच्या हाताला अंदाज आला, काटा फडताळात गेला. आता एखादा उंडा मोठा झाला तर तीच चिमूट काढून परत परातीत टाकते.

ग्लुकोमीटरवर मी माझे प्रयोग केले. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी बोट टोचायचं. कांदेपोहे भरून एक बशी, १७२. भाकरी, पिठलं, मेथी, १४० च्या अलीकडे. तीच भाकरी, पण आधी मटकीची उसळ आणि काकडी, नंतर हरिपूर रस्त्याला एक फेरी, १२४. हे माझ्या अंगाचे आकडे, तुमचे वेगळे येतील. गुळाचंही करून बघितलं. 'साखर नको, गूळ चालतो' असं आमच्याकडे लग्नापासून बाराव्यापर्यंत सगळे सांगतात. गूळ बहुतांशी साखरच, मीटरला फरक कळत नाही. गुऱ्हाळवाल्या पाहुण्यांना हे सांगायला गेलो, त्यांनी काकवीची बरणी पुढे सरकवली.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट मान्य करायला जड जाते. 'सगळं प्रमाणात खा' म्हणणाऱ्यांना, की आपल्या ताटात धान्य इतकं जास्त आहे की नेहमीचं ताट हे प्रमाण होऊच शकत नाही. आणि लो-कार्बवाल्यांना, की श्रावण, एकादशी, गणपती, लग्नसराई आणि घरातली आई धरून जो आहार वर्ष काढत नाही, त्याची तीन महिन्यांची कमाई फार कामाची नाही. मला लो-कार्बनं डोळे दिले, मोजून सगळं खाण्यावर दिवस चालले आहेत. पुतण्या अजून कडक लो-कार्बवर आहे आणि उत्तम आहे. तो एकटा राहतो, स्वतः रांधतो.

दिवाळीनंतरचा रिपोर्ट असा, एचबीए१सी ५.८, एलडीएल १३२, वजन गणपतीपेक्षा किलोभर जास्त. डॉक्टर म्हणाले, हे चालेल. सध्या वजन तिथंच अडकलं आहे. बाई म्हणतात, आता ताटातून काढायला फार काही नाही, स्नायू वाढवा, खाल्लेली साखर स्नायूच ओढून घेतात. म्हणून गल्लीतल्या तालमीत जायला लागलोय. तिथली पोरं मला काका म्हणतात आणि बैठका मारताना मागे उभी राहून मोजतात. गुडघा कुरकुरतोय, आधी त्याचं बघतो.